त्याज्य आणि ग्राह्य

हा लेख वाचकांनीं, विशेषतः आमच्या भगिनीवर्गानें, जेवणापूर्वीं वाचावयास घेऊं नये. दुपारीं स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, सुपारीचें खांड तोंडांत टाकून निवांतपणें वाचावा. विषय मलाचा आहे, आणि तो आम्ही आडपडद्यानें मांडणार नाहीं. कारण आडपडद्यानेंच या बाबतींत किती हानि होते तें आम्हीं आमच्या घरांत पाहिलें आहे.

आपल्या घरांतून मलाची चर्चाच होत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. तान्हें मूल घरांत असलें म्हणजे त्याच्या दुपट्याभोंवतीं तीन पिढ्यांच्या बायका जमतात. रंग पिवळा कीं हिरवा, चिकट कीं फेंसाळ, यावर खल होतो आणि आजीबाईंचा निर्णय अखेरचा ठरतो. म्हातारपणीं तीच चर्चा पुन्हां सुरू होते. आमचे एक वृद्ध चुलते सकाळीं ओटीवर येऊन बसले, कीं घरांतल्या प्रत्येकानें त्यांस 'आज कसें काय?' म्हणून विचारावयाचें आणि त्यांनीं त्याचें साद्यंत उत्तर द्यावयाचें, असा शिरस्ताच पडून गेला होता. त्रिफळा, एरंडेल, इसबगोल यांच्या गुणांची तुलना आम्ही बालपणीं रामरक्षेच्या आधीं शिकलों. परंतु या दोन टोकांच्या मधला जो कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री, तिच्या पोटाविषयीं अक्षर निघत नाहीं. तिशीचाळिशीच्या माणसास आंतडीं नसतातच अशी आपली समजूत असावी.

आमच्या वडील बंधूंचा मुलगा अकराव्या वर्षीं मधुमेहानें आजारी पडला. चाळिशीनंतर पोट सुटलेल्या गृहस्थांस जो मधुमेह होतो तो हा नव्हे. यांत शरीर आपल्याच स्वादुपिंडांतील इन्शुलिन उत्पन्न करणाऱ्या पेशींचा नाश करितें, आणि मग बाहेरून इन्शुलिन टोंचल्यावांचून मूल जगत नाहीं. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग, बेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं इन्शुलिन हातीं आणिलें व १९२२ च्या जानेवारींत तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास दिलें. त्यापूर्वीं असें मूल बहुधा वर्षदोन वर्षांत हातचें जावयाचें. आमचा पुतण्या आज बेचाळीस वर्षांचा आहे, संसारी आहे, नोकरी करितो. एवढें श्रेय त्या औषधास दिलेंच पाहिजे. पण जो रोग पूर्वीं वर्षांत मारीत असे तो आतां तीस तीस वर्षें अंगांत नांदतो, आणि इतका दीर्घ सहवास झाला म्हणजे तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचतो.

मधुमेह म्हटला कीं लोकांस डोळे, मूत्रपिंडें आणि पायाच्या न भरणाऱ्या जखमा आठवतात. पोट कोणास आठवत नाहीं. वस्तुतः अन्न जठरांतून पुढें ढकलण्याचें काम ज्या मज्जातंतूंच्या हुकमानें चालतें, त्यांत व्हेगस नांवाचा एक लांबच लांब तंतु प्रमुख आहे, आणि रक्तांतील साखर वर्षानुवर्षें चढीं राहिली म्हणजे या तंतूंस इजा पोंचते. मग सकाळीं खाल्लेली पोळी दुपारींही जठरांतच पडून राहते. चार घासांत पोट भरल्यासारखें वाटतें, मळमळतें, ओकारी होते. पुढें आंतड्यांतही तीच अंदाधुंदी. कधीं चार दिवस कोठा जागचा हलत नाहीं, तर कधीं मध्यरात्रीं एकाएकीं अशी घाई लागते कीं खोलीपासून मोरीपर्यंतचें अंतर कोसभर वाटावें. वर आणखी एक घोंटाळा असा, कीं जेवणाच्या हिशेबानें टोंचलेलें इन्शुलिन वेळेवर कामास लागतें आणि अन्न मात्र जठरांत अडकून बसतें. साखर एकदम खालीं येते; हातपाय कांपतात, घाम फुटतो. मग तीनचार तासांनीं तें अन्न सावकाश पुढें सरकतें तेव्हां साखर वर चढते, आणि डॉक्टर विचारतात, 'पथ्य मोडलें काय?'

आमच्या घरीं हें सर्व सात वर्षें चाललें होतें आणि कोणास त्याचें नांव ठाऊक नव्हतें. पुतण्या पंक्तींत बसे, चार घास घेई आणि चित्राहुतींकडे पाहत ताटावर हात ठेवून बसे. आमच्या वहिनींस वाटे, बायकोच्या हातचें लागतें, आतां आईच्या हातचें रुचत नाहीं. त्याच्या पत्नीस वाटे, आईच्या हातच्या चवीपुढें आपलें कांहीं उतरत नाहीं. दोघीही परस्परांवर मनांतल्या मनांत रुसून अधिकाधिक चांगलें रांधीत, आणि तो बिचारा अधिकाधिक उष्टें टाकी. कोंकणांत कुलदैवताला जावयाचें ठरलें कीं त्यास नेमकें कचेरींत काम निघे. आप्तमंडळींत तो आढ्यतेखोर ठरला. त्यानें दाखविलेल्या डॉक्टरांपैकीं एकांनीं तर हा चिंतेचा विकार आहे असें सांगून झोंपेच्या गोळ्या दिल्या. रात्रीं दोनदां-तीनदां उठावें लागणाऱ्या माणसास झोंपेची गोळी हा उपचार आम्हांस आजही नवलाचा वाटतो.

अखेर तें उघडकीस आलें तें वाई येथील एका मुंजींत. चारचौघांत बसतां यावें म्हणून त्यानें आदल्या रात्रीपासून कांहीं खाल्लें नव्हतें. इन्शुलिन सर्वस्वी टाळतां येत नाहीं, तें त्यानें नेहमींपेक्षां थोडें कमी करून घेतलें होतें. मंगलाष्टकें चालू असतां तो मांडवांत कोसळला. साखरपाणी देऊन शुद्धीवर आणिल्यावर आम्हीं त्यास आंतल्या खोलींत नेलें, आणि तेथें, अंगावर घोंगडी घेऊन भिंतीकडे तोंड करून, त्यानें ही सात वर्षांची हकीकत आम्हांस सांगितली. शेवटीं म्हणाला, "काका, डोळे जाणार असते तर सांगतां आलें असतें. हें कसें सांगायचें?"

त्यानंतर पुण्यास एका चांगल्या डॉक्टरांनीं जठराची तपासणी केली, अन्न किती वेळानें पुढें जातें तें मोजलें, आणि रोगास नांव मिळालें. औषधें सुरू झालीं. जठरास चालना देणारीं औषधें आहेत, पण त्यांतील कांहीं फार दिवस घेतलीं तर ओंठ-जीभ आपोआप हलूं लागण्याचा धोका असतो; आंतड्यांत माजलेले जंतु मारणारीं प्रतिजैविकें आहेत, त्यांनीं महिना-दोन महिने बरें वाटतें आणि पुन्हां पहिले पाढे पंचावन्न. अशा स्थितींत, माणूस नवीन उपायाच्या शोधांत राहील यांत नवल नाहीं. मागील वर्षीं एके दिवशीं पुतण्यानें आम्हांस डेन्मार्कमधील एक शास्त्रीय निबंध छापून आणून दिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही संस्कृतज्ञ. वाचा, आणि मग मला सांगा कीं आईला हें कोणत्या शब्दांत सांगायचें."

निबंध वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालों. उपाय असा, कीं निरोगी माणसाचा मल घेऊन, तो गाळून शुद्ध करून, त्यांतील जंतु रोग्याच्या आंतड्यांत सोडावयाचे.

येथें वाचकांनीं नाक मुरडलें असेल. तें मुरडून झाल्यावर पुढील गोष्टी ध्यानांत घ्याव्या. माणसाच्या शरीरांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात असा २०१६ सालचा हिशेब आहे. शरीराच्या स्वतःच्या पेशी ३० लक्ष कोटींच्या आसपास. पूर्वीं जंतु दहापट आहेत असें पुस्तकांतून छापीत, तें आतां मागें पडलें; तरी बरोबरीचें नातें शिल्लक आहेच. या सर्वांचें वजन सुमारें दोनशें ग्रॅम भरतें आणि त्यांची बहुतेक सारी वस्ती मोठ्या आंतड्यांत. आपल्याला न पचणारा भाजीपाल्याचा चोथा ते आंबवितात, आणि त्यांतून जीं आम्लें निघतात त्यांवर आंतड्याच्या आंतल्या अस्तराचें पोषण होतें. ज्यास आपण निव्वळ केरकचरा समजतों त्या मलाच्या घन भागांतही मोठा हिस्सा या जिवंत-मृत जंतूंचाच असतो.

आमच्या वहिनींस आम्हीं हें कसें सांगितलें तें येथेंच लिहितों. बंधु कैलासवासी झाल्यापासून घर त्यांच्याच हातीं आहे. त्या ताक घुसळून उठल्या होत्या. आम्हीं म्हटलें, "वहिनी, दूध नासूं लागलें, दहीं लागेनासें झालें, तर तुम्ही काय करतां?" त्या म्हणाल्या, "शेजारून चांगलें विरजण आणते." आम्हीं म्हटलें, "तसेंच हें." त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "पण भाऊजी, विरजण लावायचें तर दूध आधीं तापवून घ्यावें लागतें. पोट कुठें तापवणार?" पस्तीस वर्षांच्या अध्यापनांत इतका नेमका प्रश्न आम्हांस थोड्याच विद्यार्थ्यांनीं विचारला असेल. दुधाचें भांडें तापविल्यावर रिकामें असतें. आंतडें रिकामें नसतें. तेथें जुने भाडेकरू ठाण मांडून बसलेले असतात, आणि नव्यांस जागा मिळेलच अशी खात्री नाहीं.

आतां या उपायाचा इतिहास. चीनमध्यें चवथ्या शतकांत गे होंग नांवाच्या वैद्यानें विषबाधेवर आणि असाध्य अतिसारावर माणसाचा मल पाण्यांत कालवून पाजण्याचें लिहून ठेविलें आहे. पुढें सोळाव्या शतकांत ली शिझेन यानेंही असे प्रयोग नमूद केले. आणि रोग्यास शिसारी येऊं नये म्हणून त्या काळचे वैद्य त्या पेयास 'पिवळें सार' म्हणत. वैद्यकांतील शब्दयोजनेचा याहून चतुर मासला क्वचितच सांपडेल. अर्वाचीन काळांत १९५८ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें आइसमन नांवाच्या शल्यवैद्यानें आंतड्याच्या भयंकर दाहानें मरणोन्मुख झालेल्या चार रोग्यांस निरोगी माणसाच्या मलाचा बस्ती दिला व ते झपाट्यानें सुधारले. त्या रोगाचें मूळ कारण कोणता जंतु, हें पुढें वीस वर्षांनीं, १९७८ च्या सुमारास, कळलें. त्याचें लॅटिन नांव डिफिसिल, म्हणजे 'कठीण'. प्रयोगशाळेंत वाढविण्यास कठीण गेला म्हणून हें नांव पडलें, पण पुढें तो रोग्यांस आणि डॉक्टरांसही तितकाच कठीण गेला. प्रतिजैविकांनीं आंतड्यांतील सज्जन जंतु मेले म्हणजे हा दुर्जन रिकाम्या घरांत शिरतो, आणि त्यास मारण्यास पुन्हां प्रतिजैविकेंच द्यावीं लागतात.

या रोगावर अॅम्स्टरडॅम येथें झालेला आणि २०१३ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग निर्णायक ठरला. ज्यांस हा अतिसार पुन्हां पुन्हां होत होता अशा सोळा रोग्यांस नाकांतून घातलेल्या नळीवाटे निरोगी मलाचें द्रावण लहान आंतड्यांत सोडण्यांत आलें. त्यांपैकीं तेरा एकाच खेपेस बरे झाले. उरलेल्या तिघांपैकीं दोघे दुसऱ्या खेपेस. केवळ नेहमींचें औषध मिळालेल्या तेरांपैकीं चारच बरे झाले. फरक इतका ढळढळीत होता कीं प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. आज अमेरिकेंत या एका रोगासाठीं अशीं दोन औषधें सरकारमान्य आहेत: एक २०२२ च्या नोव्हेंबरांत मान्य झालें, तें बस्तीनें द्यावयाचें, दुसरें २०२३ च्या एप्रिलांत, कॅप्सूलच्या रूपानें पोटांत घ्यावयाचें.

हें वाचून आमचे एक स्नेही, जे निवृत्तीनंतर आयुर्वेदाचे मोठे कैवारी झाले आहेत, म्हणाले, "आपल्या ऋषींनीं हें कधींच सांगून ठेविलें आहे." आम्हांस असें म्हणवत नाहीं. सुश्रुतानें दोष आणि धातु यांच्या जोडीनें मलही शरीराचें मूळ म्हणून सांगितला आहे, हें खरें. चरकसंहितेंत तर राजयक्ष्म्याच्या प्रकरणांत असें स्पष्ट आहे कीं ज्याचे सर्व धातु झिजले आहेत त्या रोग्याचें बळ मलावर टिकून असतें, म्हणून त्यास रेच देतां कामा नये, त्याचा मल राखावा. मल म्हणजे निव्वळ घाण अशी दृष्टि त्या ग्रंथकारांची नव्हती, एवढें यावरून सिद्ध होतें, आणि हें थोडें नाहीं. पण एकाचा मल दुसऱ्याच्या कोठ्यांत घालावा असें त्यांनीं सांगितलें, हें त्यांच्या तोंडीं घालणें म्हणजे पदरचें घालणें होय. तें चिनी वैद्यानें लिहिलें. ज्याचें श्रेय त्यास द्यावें.

मात्र किळसेच्या प्रश्नावर आमच्या ज्ञातिबांधवांनीं थोडा विचार करावा. श्रावणीच्या दिवशीं पंचगव्य प्राशन करतांना आम्हीं कधीं डोळे मिटले नाहींत, आणि त्यांत गोमय असतें हें सर्वांस ठाऊक आहे. पंचगव्य आणि हें एकच असें आमचें म्हणणें नव्हे. तें शुद्धीसाठीं, हें उपचारासाठीं. परंतु किळस ही वस्तूंत कमी आणि संवयींत अधिक असते, एवढें तरी आपणांस मान्य व्हावें.

आतां डेन्मार्कचा तो निबंध. ऑर्हूस येथील रुग्णालयांतील हा प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. लहानपणींच जडणारा जो इन्शुलिनवांचून न चालणारा मधुमेह, तो असलेले आणि पोटाच्या त्रासानें गांजलेले वीस रोगी त्यांनीं घेतले. कांहींना निरोगी मलाच्या कॅप्सूल दिल्या, कांहींना हुबेहूब दिसणाऱ्या पोकळ, म्हणजे औषध नसलेल्या. कोणास काय मिळालें हें ना रोग्यास ठाऊक, ना देणाऱ्यास. पोटदुखी, फुगणें, जुलाब, मलावरोध, लवकर पोट भरणें अशा तेरा प्रश्नांस प्रत्येकीं एक ते सात गुण द्यावयाचे. म्हणजे कमींत कमी तेरा आणि अधिकांत अधिक एक्क्याण्णव. येथें जितके गुण अधिक तितका त्रास अधिक, ही गोष्ट आमच्यासारख्या जुन्या मास्तरास प्रत्येक ओळीला मनाशीं घोंकावी लागली. चार आठवड्यांनीं पाहतां, खऱ्या कॅप्सूल मिळालेल्यांचा मधला आंकडा ५८ वरून ३५ वर आला. पोकळ मिळालेल्यांचा ६४ वरून ५६ वर. उपद्रव दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच झाले.

हे आंकडे आम्हीं तीन वेळां वाचले. ५८ वरून ३५ हा फरक निबंधांत एका ओळींत मावतो. पण ज्यानें वाईच्या मांडवांत बसण्यासाठीं रात्रभर उपास काढला त्याच्या घरीं त्या ओळीचा अर्थ निराळा आहे. तथापि शिक्षकाचें मन संशयी असतें, आणि असावें. पोकळ कॅप्सूल खाऊनही आठ गुणांचा आराम पडला, यावरून आशेचाही पोटावर परिणाम होतो हें दिसतें. रोगी वीसच, मुदत महिन्याची. एवढ्यावर वर्गाचा निकाल लावणें योग्य नव्हे. फार तर ही एक उत्तम चाचणी-परीक्षा झाली.

संशयास आणखी एक कारण आहे. अॅम्स्टरडॅमच्याच मंडळींनीं २०१२ सालीं असें दाखविलें होतें कीं सडपातळ निरोगी माणसांचा मल लठ्ठ पुरुषांस दिला तर सहा आठवड्यांनीं त्यांचें शरीर इन्शुलिनास अधिक चांगला प्रतिसाद देऊं लागतें. वर्तमानपत्रांतून त्या वेळीं मोठा गाजावाजा झाला. २०१७ सालीं त्यांनींच प्रामाणिकपणें लिहिलें कीं अठरा आठवड्यांनीं तो गुण ओसरलेला होता. वहिनींचा प्रश्न येथें पुन्हां उभा राहतो. भांडें तापविलेलें नव्हतें. तेव्हां यानें मधुमेह बरा होतो असें जो कोणी सांगेल त्याच्यापासून वाचकांनीं दूर राहावें. इन्शुलिन यानें सुटत नाहीं.

आणि धोका? विरजण वाईट निघालें तर सारें भांडें जातें. २०१९ सालीं अमेरिकेंत दोन अशक्त रोग्यांस एकाच दात्याच्या मलांतून औषधांस न जुमानणारे जंतु गेले. त्यांपैकीं एक दगावला. तेव्हांपासून तपासणी अधिकच कडक झाली आहे. दात्याचें रक्त आणि मल कावीळ, एड्स, कृमि, हट्टी जंतु अशा अनेक गोष्टींसाठीं तपासतात. आणि स्वखुशीनें पुढें आलेल्यांपैकीं बहुसंख्य लोक नापास होतात. ऑर्हूसमध्यें रक्तदान करणाऱ्या नागरिकांतूनच असे दाते निवडतात. हें एवढ्या विस्तारानें सांगण्याचें कारण, कीं कांहीं मंडळी हा उपचार यंत्रांवर चित्रें पाहून घरच्या घरीं, मिक्सरांत द्रावण करून करूं लागली आहेत. तसें कदापि करूं नये. आपल्या देशांत लुधियाना येथील दयानंद मेडिकल कॉलेजांत मोठ्या आंतड्याच्या व्रणदाहावर या उपचाराचे रीतसर प्रयोग झालेले असून त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध आहेत. परंतु मधुमेहाच्या पोटासाठीं हा उपचार अद्याप प्रयोगाच्याच अवस्थेंत आहे, असें पुतण्याच्या डॉक्टरांनीं त्यास स्पष्ट सांगितलें.

घरांत जेव्हां हें सर्व बोलणें एकदां मोकळेपणानें झालें तेव्हां पाहुण्या म्हणून आलेल्या आमच्या एका वयोवृद्ध आत्याबाईंनीं विचारलें, "तें सगळें खरें रे, पण कोणाचें?" प्रश्न सर्वांस कळला. पुतण्यानें सांगितलें कीं दात्याचें नांव गुप्त असतें. आत्याबाई गप्प झाल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचें प्रश्नचिन्ह गेलें नाहीं. त्यांस आम्हीं एवढेंच विचारलें, कीं चार वर्षांपूर्वीं त्यांच्या मांडीचें हाड बसवितांना दोन पिशव्या रक्त चढविलें त्यावर गोत्र लिहिलें होतें काय? त्या हंसल्या. पण उत्तर खरें दिलें तें वहिनींनीं. सोंवळ्यांत लोणच्याच्या बरणीस दुसऱ्याचा हात लागूं न देणारी ही बाई वाटाणे सोलतां सोलतां म्हणाली, "त्याला रात्रभर झोंप लागणार असेल, तर कोणाचें का असेना."

या चर्चेनें घरांत एक बदल मात्र झाला, आणि त्यास कोणाची सरकारी मान्यता लागली नाहीं. पुतण्या आतां पंक्तीची वाट पाहत नाहीं. दिवसांतून सहा वेळां थोडथोडें खातो; मऊ भात, वरणाचें पाणी, कुसकरलेली भाजी, तूप-तळण बेतानें, चोथा कमी. त्याच्या वाट्या निराळ्या मांडलेल्या असतात, आणि त्या कोणीं भरावयाच्या यावरून सासूसुनांत आतां रुसवा नाहीं. गेल्या वैशाखांत सांगलीस एका लग्नाला तो दोन दिवस राहिला. यजमानांनीं त्याच्यासाठीं न्हाणीघराला लागून असलेली खोली राखून ठेविली होती. कोणीं कारण विचारलें नाहीं, कारण सर्वांस ठाऊक होतें. रात्रीं उठावें लागतें तें अजून लागतेंच.

असा प्रयोग आपल्याकडे सुरू झाला तर आपलें नांव घालावें असें त्यानें डॉक्टरांस सांगून ठेविलें आहे. हें ऐकून आमचे धाकटे चिरंजीव, वय सत्तावीस, रोज व्यायामशाळेंत जाणारे, मोठ्या उमेदीनें म्हणाले, "दादा, मी देतों कीं! माझ्याइतकें निरोगी कोण आहे?" आम्हीं म्हटलें, बरें आहे, आपण परीक्षा घेऊं, आणि अशा दात्यांस विचारतात ते प्रश्न आम्हीं कागदावर काढून त्यांच्यापुढें ठेविले. पहिला, गेल्या कांहीं महिन्यांत परदेशीं प्रवास केला काय? केला नव्हता. दुसरा, गेल्या तीन महिन्यांत प्रतिजैविकें घेतलीं काय? चिरंजीवांनीं गणपतींत साध्या पडशासाठीं, डॉक्टरांस न विचारतां, औषधाच्या दुकानांतून आणून पांच दिवस घेतलीं होतीं. वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "म्हणजे घरचें विरजण नासलें म्हणा."